साखर तीच, मात्रा तीच, मग बाळाला एक लस चालते आणि दुसरी का नाही?

पारसिक (धागाकर्ता)

लसीकरणाच्या धाग्यावर ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न तिथल्या गदारोळात बुडाला, म्हणून हा वेगळा धागा.

टायफॉइडच्या सुईच्या दोन लसी मिळतात. दोन्हींत जंतूच्या अंगावरच्या आवरणातली व्हीआय नावाची साखर. दोन्हींत ती २५ मायक्रोग्रॅम, दोन्ही ०.५ मिलि, दोन्ही स्नायूत. पण साधी लस दोन वर्षांखालच्या मुलाला देत नाहीत आणि दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. दुसरी, कॉन्ज्युगेट लस, सहा महिन्यांपुढच्या बाळालाही चालते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ च्या पावसाळ्यात ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या मुलांना मोहीम काढून दिली ती हीच. पहिल्या टप्प्यातच एक लाखाहून जास्त मुलं झाली. सरकारी यंत्रणेमार्फत ही लस जगात सर्वात आधी आपल्याकडे दिली गेली, हे वाशी-नेरूळमधल्या अनेकांना माहीतही नसतं.

ताईंचा प्रश्न: साखर तीच तर फरक कसला?

उत्तर दोन ओळींत देता येतं, पण त्याआधी पेशी जंतू कसा ओळखतात ते बघावं लागेल. आणि तिथे पहिलीच अडचण 'शिकणं' या शब्दाची. लस पेशीला शिकवते असं आपण सर्रास म्हणतो. १९४० मध्ये लायनस पॉलिंगने मांडलेली कल्पना जवळपास तशीच होती: जंतूचा तुकडा हा साचा, आणि प्रतिपिंड (जंतूला चिकटणारं प्रथिन, अँटिबॉडी) त्याच्याभोवती घडी घालून आकार घेतं. ती चुकीची ठरली. १९५७ मध्ये बर्नेटने उलटं सांगितलं. जंतू येण्याआधीच शरीरात लाखो प्रकारच्या पेशी हजर असतात, प्रत्येकीच्या अंगावर एकाच घाटाचा ग्राहक (रिसेप्टर, जंतूचा तुकडा धरणारं प्रथिन) असतो. जंतू येतो तेव्हा ज्या पेशीचा ग्राहक त्याला बसतो, तीच वाढते. बाकीच्या ढिम्म.

हे लाखो घाट येतात कुठून? मोजके जनुक-तुकडे पत्त्यांसारखे पिसून. बी-पेशी म्हणजे प्रतिपिंडं बनवणारी पांढरी पेशी. तिचा ग्राहक जड आणि हलक्या अशा साखळ्यांचा. जड साखळीसाठी व्ही गटातले साधारण ४०, डी गटातले २३ आणि जे गटातले ६ तुकडे कामाचे. प्रत्येक गटातला एक उचलायचा: ४० × २३ × ६ = ५,५२०. हलक्या साखळीचे असेच साधारण ३२० प्रकार. गुणाकार केला की १७-१८ लाख. टोनेगावाने ही कापाकापी १९७६ मध्ये दाखवली, १९८७ चं नोबेल त्यालाच.

पण खरी विविधता तुकड्यांत नाही, सांध्यांवर आहे. रॅग नावाची विकरं (एन्झाइम) डीएनए कापतात आणि जोडायच्या आधी टीडीटी नावाचं विकर त्या टोकांना मनाला येईल तशी अक्षरं चिकटवतं. इथे आकडा लाखांवरून कितीतरी पुढे उडी मारतो. किंमतही तिथेच मोजावी लागते. डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, त्यामुळे तीनांतले दोन सांधे पुढचं सगळं वाचनच बिघडवतात. अशी पेशी दुसऱ्या गुणसूत्रावर पुन्हा प्रयत्न करते, तोही फसला तर मरते. उधळपट्टी आहे, पण ज्या जंतूचा जन्मच अजून झालेला नाही त्यासाठी तयारी ठेवायची तर दुसरा मार्ग दिसत नाही.

पुढचं प्रतिसादांत टाकतो.

चेंदणी

वाचतोय. शाळेत 'पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक' एवढ्यावर बोळवण झाली होती.

खारफुटी

सैनिकाची उपमा मलाही बोचते. सैनिकाला शत्रूचा फोटो दाखवतात, इथे कुणीच कुणाला काही दाखवलेलं नाही.

पण पारसिक, तुमच्या हिशोबात एक भोक आहे. पिसणं जर आंधळं असेल तर त्यातून इन्सुलिनला चिकटणारा, सांध्यातल्या कूर्चेला चिकटणारा ग्राहकही निघणारच. तो कोण अडवतो?

पारसिक

निघतो ना, ढिगाने निघतो. टी-पेशींपुरतं (पांढऱ्या पेशींचा दुसरा गट, प्रतिपिंडं न बनवणारा) सांगतो, तिथे चाळणी सर्वात कडक आहे.

टी-पेशी अस्थिमज्जेत जन्मते आणि छातीच्या हाडामागच्या थायमसमध्ये जाते. ही ग्रंथी नुसती शोभेची नाही, हे १९६१ मध्ये जॅक मिलरने नवजात उंदरांतून ती काढून दाखवलं. तिथे दोन परीक्षा, आणि कुठल्याही एकीत नापास म्हणजे मृत्यू.

पहिली बाहेरच्या थरात. टी-पेशीला सुटा जंतू दिसतच नाही. तिला फक्त एमएचसी नावाच्या तबकात ठेवलेला प्रथिनाचा छोटा तुकडा दिसतो. त्यामुळे आधी बघतात की तिला आपल्या शरीराचं तबक धरता येतं का. नाही आलं तर तिला कुणी मारत नाही, पण जगण्याचा इशाराच मिळत नाही आणि तीन-चार दिवसांत ती संपते. बहुतेक जणी इथेच गळतात. तबकं दोन वर्गांची असतात. पहिल्या वर्गाचं तबक धरणारी पुढे सीडी८ म्हणजे मारेकरी होते, दुसऱ्या वर्गाचं धरणारी सीडी४ म्हणजे मदतनीस.

दुसरी परीक्षा आतल्या गाभ्यात, आणि ती उलटी. आता तबकात स्वतःचेच तुकडे ठेवून दाखवतात. जी घट्ट चिकटेल ती बाद. तुमचा इन्सुलिनचा प्रश्न इथेच येतो: इन्सुलिन स्वादुपिंडात बनतं, थायमसमधल्या पेशीला ते कुठून माहीत? एअर नावाचं एक जनुक गाभ्यातल्या अस्तर-पेशींना एरवी दुसऱ्याच अवयवांत बनणारी हजारो प्रथिनं थोडी थोडी बनवायला लावतं. जणू सगळ्या शरीराचं नमुना-प्रदर्शन एका खोलीत. हे जनुक जन्मतः बिघडलेल्या मुलांत पॅराथायरॉइड, अधिवृक्क (अॅड्रिनल) अशा ग्रंथींवर स्वतःच्याच पेशी तुटून पडतात. त्यावरूनच १९९७ मध्ये हे जनुक सापडलं.

शंभरातल्या दोन-चारच पेशी थायमसबाहेर पडतात. तरीही काही चुकार निसटतात. त्यांना बाहेर दाबून धरायला नियामक टी-पेशी असतात. साकागुचीने त्या १९९५ मध्ये वेगळ्या काढून दाखवल्या, ब्रंकॉ आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्यामागचं फॉक्सपी३ जनुक शोधलं. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना.

मिठागर

उत्तम चाललंय. पुढचा टप्पा मी घेतो, कारण लोकांना जे हाताला लागतं ते इथे आहे.

पायाला जखम चिघळली की जांघेत गाठ येते, हाताला झाली की काखेत. आपल्याकडे त्याला अवधाण म्हणतात. अवधाण आलं म्हणजे 'विष वर चढलं' अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ती लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) कामाला लागलेली असते. आत काय होतं बघा.

जखमेपाशी डेंड्रायटिक पेशी असतात, फांद्या पसरलेल्या. त्या जंतू गिळतात, तुकडे करतात, तबकात मांडतात आणि लसिकावाहिनीतून जवळच्या ग्रंथीकडे निघतात. नेमक्या एका जंतूच्या एका तुकड्याला बसणारी कोरी टी-पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक. ती शोधायची कशी? सगळ्या टी-पेशी रक्तातून एकामागून एक ग्रंथींत शिरत राहतात, एकेका ग्रंथीत साधारण अर्धा ते एक दिवस फिरतात आणि पुढे निघतात. एक डेंड्रायटिक पेशी तासाला शेकडो ते हजारो टी-पेशींशी अंग घासते. ठाण्याच्या जुन्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उभं राहून ओळखीचा चेहरा शोधण्यातला प्रकार आहे, फक्त इथे गर्दीच तुमच्यासमोरून फिरवली जाते.

चेहरा सापडला तरी एवढ्यावर काम होत नाही. तीन इशारे लागतात.

पहिला: ग्राहक तबकातल्या तुकड्याला बसणं.

दुसरा: डेंड्रायटिक पेशीवरचं बी७ आणि टी-पेशीवरचं सीडी२८ यांची गाठ. बी७ वर येतं ते डेंड्रायटिक पेशीला खरोखर जंतूची किंवा मोडतोडीची खूण लागली तरच. पहिला इशारा आला आणि दुसरा आला नाही, तर टी-पेशी उठत नाहीच, उलट थंड पडते आणि पुढेही प्रतिसाद देत नाही.

तिसरा: आसपासची रसायनं. त्यावरून ठरतं की मदतनीस कुठल्या घडणीचा होणार. पेशीत लपलेल्या जंतूसाठी एक, जंतांसाठी दुसरा, बुरशीसाठी तिसरा.

तीनही मिळाले की साधारण एका दिवसानंतर विभाजन सुरू होतं आणि मग वेग भन्नाट, मारेकरी पेशी सहा-आठ तासांत दुप्पट. गाठ फुगते ती यामुळे, शिवाय ग्रंथी बाहेर जाण्याचा रस्ता काही काळ अडवून धरते त्यामुळे. म्हणून नव्या जंतूविरुद्ध पहिले चार-पाच दिवस शरीर जन्मजात यंत्रणेवरच काढतं. ताप आला आणि दुसऱ्याच दिवशी 'अँटिबॉडी टेस्ट' करून आलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

खारफुटी

दुसऱ्या इशाऱ्यावरून एक सुचलं. शुद्ध केलेलं प्रथिन नुसतं टोचलं तर त्यात जंतूची खूण कुठे आहे? मग लस चालते कशी?

उपवन

चालत नाही, हेच तर उत्तर. म्हणून ॲल्युमिनियमचे क्षार घालतात, ज्याला आम्ही ॲलम म्हणतो. पेंटाव्हॅलंट, डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकल या सगळ्यांत ते आहे. धनुर्वाताच्या विषापासून बनवलेलं टॉक्सॉइड ॲलमच्या कणांना चिकटून बसतं. कण टोचलेल्या जागी थोडी जळजळ करतात, डेंड्रायटिक पेशींना जाग येते, आणि माल सुटा पसरण्याऐवजी कणासकट गिळला जातो. दंडावर येणारी ती कडक गाठ आणि दुखणं बऱ्याच अंशी त्याचंच. आया घाबरतात, पण दुसरा इशारा देणारं असं काहीतरी तिथे व्हायलाच हवं.

आता इथे काय बिघडतं ते सांगतो, कारण ते डोळ्यांनी दिसतं. लोकांना वाटतं लसीचा शत्रू उष्णता. ॲलमवाल्या लसीचा त्याहून मोठा शत्रू बर्फ. कुपी गोठली की बर्फाचे स्फटिक ॲलमचं जेल फोडतात, कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि वितळल्यावर पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. कुपी दिसायला ठीक, तापमान पुन्हा २ ते ८ अंशांत, आणि आतली लस कमजोर.

ओळखायची रीत साधी आहे. त्याच लसीची त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम पूर्ण गोठवायची, तिच्यावर खूण करायची आणि वितळू द्यायची. मग ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायच्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या. चांगली लस बराच वेळ ताकासारखी एकसारखी गढूळ राहते. गोठलेलीत पांढरा गाळ भराभर खाली बसतो, वर निवळ पाणी. संशयित कुपी खूण केलेलीइतक्याच वेगाने बसली तर फेकायची. हे समजून घेण्यासाठी सांगितलं. केंद्रावर गोठलेली कुपी समोर दिसतेच आहे तर चाचणीच्या भानगडीत न पडता ती बाद.

आणि गोठते कुठे? बहुतेकदा वाटेत. डीप फ्रीझरमधून काढलेला बर्फाचा पॅक लगेच कॅरिअरमध्ये भरला की त्याला टेकलेली कुपी शून्याखाली जाते. पॅक बाहेर ठेवायचा, अंगावर दव धरेपर्यंत, आणि कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज येईपर्यंत. मोहिमेच्या सकाळी सगळ्यांना घाई असते आणि नेमकी हीच वीस-तीस मिनिटं कापली जातात.

चेंदणी

ताकाची उपमा एकदम बरोबर. रच्याकने, घरच्या फ्रिजच्या दारात ठेवलेल्या लसीचं काय?

उपवन

दार सतत उघडतं, तिथे तापमान वरखाली. आणि बर्फकप्प्याखालचा भाग गोठवतो. घरी लस ठेवायचीच नाही, हे सोपं.

पारसिक

आता मूळ प्रश्नाकडे. बी-पेशी.

बी-पेशीचं वेगळेपण असं की तिला तबक लागत नाही, ती जंतूचा बाहेरचा आकार थेट धरते. साखरही धरते. पण चांगली प्रतिपिंडं आणि दीर्घ स्मृती हवी असेल तर तिला मदतनीस टी-पेशीची परवानगी लागते. ती मिळवायला बी-पेशी धरलेला माल गिळते, तुकडे करते आणि दुसऱ्या वर्गाच्या तबकात मांडते. तबकाच्या खाचेत बसतात प्रथिनांचे तुकडे, साधारण १३ ते २५ अमिनो आम्लांचे. साखर तिथे बसत नाही.

म्हणजे व्हीआय साखर धरणारी बी-पेशी नुसती साखर गिळून तबक रिकामं घेऊन उभी राहते. मदतनीस येत नाही. साखरेच्या लांबलचक साखळीवर तोच तो घाट शेकडो वेळा असल्यामुळे ती एकाच वेळी बरेच ग्राहक ओढते आणि बी-पेशी मदतीशिवायही थोडीफार उठते. मोठ्यांत त्यावर भागतं. पण असं उठू शकणाऱ्या बी-पेशी मुख्यतः प्लीहेच्या कडेला असतात आणि त्या साधारण दोन वर्षांपर्यंत कच्च्या असतात. म्हणून दोन वर्षांची अट. स्मृती धरत नाही म्हणून तीन वर्षांनी पुन्हा, आणि पुन्हा दिली तरी दुसऱ्या वेळचा प्रतिसाद पहिल्यापेक्षा जोरदार होत नाही.

कॉन्ज्युगेट लसीत काय केलंय? साखर धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला रासायनिक बंधाने जोडली. आता तीच बी-पेशी साखर धरते आणि गिळताना टॉक्सॉइड आपोआप आत ओढलं जातं. तबकात टॉक्सॉइडचे तुकडे. धनुर्वात ओळखणारी मदतनीस टी-पेशी येते, तिला आपले तुकडे दिसतात, आणि ती परवानगी देते अशा बी-पेशीला जी प्रतिपिंडं मात्र साखरेविरुद्ध बनवणार आहे. बाळाला ६, १०, १४ आठवड्यांची पेंटाव्हॅलंट झालेली असते, म्हणजे धनुर्वाताच्या मदतनीस पेशी आधीच तयार बसलेल्या असतात. ओळख एकाची, फायदा दुसऱ्याचा.

बंध महत्त्वाचा. साखर आणि टॉक्सॉइड नुसते एका कुपीत मिसळले तर जी बी-पेशी साखर गिळेल तिच्या पोटात टॉक्सॉइड जाईलच असं नाही. साखर प्रथिनाला जोडली की प्रतिपिंडं येतात हे एव्हरी आणि गोबेल यांनी १९३० च्या आसपासच न्यूमोनियाच्या जंतूवर दाखवलं होतं. मदतनीस पेशी म्हणजे काय हे कळायला अजून काही दशकं होती. हिब या जंतूविरुद्धची आणि न्यूमोकोकलची बाळांना देतात ती लस याच युक्तीवर चालते.

मिठागर

+१. एक व्यावहारिक जोड. या दोन्ही लसींत फक्त व्हीआय आहे. टायफॉइडसाठी रक्ताची विडाल चाचणी करतात, ती बघते ती जंतूच्या ओ आणि एच या वेगळ्या घटकांविरुद्धची प्रतिपिंडं. म्हणून 'लस घेतली म्हणून विडाल पॉझिटिव्ह आली' हे या लसींबाबत खरं नाही. तसंही आपल्याकडे एकट्या विडालवर विसंबू नये. जुना संसर्ग किंवा इतर साल्मोनेला (टायफॉइडच्या जंतूचे भाऊबंद) यांमुळेही ती वर असते. खरं निदान रक्ताच्या कल्चरने (रक्तातले जंतू वाढवून बघण्याने), आणि तेही अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जायच्या आधी. मोठ्या माणसाचं ८-१० मिलि रक्त हवं, कारण टायफॉइडमध्ये रक्तातले जंतू फार विरळ असतात. दोन मिलिवर भागवलं की निगेटिव्ह येतं आणि दोष प्रयोगशाळेवर जातो.

खारफुटी

परवानगी मिळाल्यावर बी-पेशी काय करते? माझ्या समजुतीप्रमाणे तिथे तुमचा 'शिकत नाही, निवडली जाते' हा सिद्धांत लंगडा पडतो.

पारसिक

पडतो खरा, म्हणूनच तो भाग मागे ठेवला होता :)

परवानगी मिळालेल्या काही बी-पेशी लगेच प्रतिपिंडं ओतायला लागतात. हा पहिला लोट, बहुतांशी आयजीएम (सुरुवातीला येणारा प्रतिपिंडांचा प्रकार), पकड बेताची. बाकीच्या ग्रंथीतच एक जर्मिनल सेंटर उभारतात. त्याच्या काळोख्या भागात त्या झपाट्याने दुभंगतात आणि एआयडी नावाचं विकर त्यांच्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका करतं. दर विभाजनाला हजार अक्षरांमागे साधारण एक, म्हणजे नेहमीच्या दराच्या दहा लाख पट. मग त्या उजेडाच्या भागात येतात. तिथे जाळीदार पेशींच्या अंगावर जंतूचे तुकडे टांगलेले असतात. ज्या पेशीची पकड सुधारली ती जास्त माल ओढते, तबकात जास्त मांडते, मदतनीसाकडून जास्त दाद मिळवते आणि पुन्हा काळोख्या भागात जाते. जिची बिघडली ती मरते, आणि बहुतेकींची बिघडतेच.

शेतकरी भाताचं बियाणं राखताना भरदार लोंब्या बाजूला काढतो आणि पुढच्या वर्षी त्याच पेरतो. हे तेच, फक्त हंगाम दिवसाभराचा. काही आठवड्यांत पकड शेकडो पटींनी घट्ट होऊ शकते. यातून निघालेल्या काही पेशी अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं प्रतिपिंडं ओततात, काही स्मृतिपेशी म्हणून गप्प बसतात.

खारफुटी

मग याला शिकणं का म्हणू नये? चूक करणं, तपासणं, सुधारणं. परीक्षेच्या अभ्यासात आणखी काय असतं?

पारसिक

एकटी पेशी काहीच सुधारत नाही. जिची चूक झाली ती मरते, सुधारते ती तिची नातवंडं. वाण सुधारलं म्हणजे भाताचा दाणा शिकला असं आपण म्हणत नाही.

खारफुटी

पण शेत शिकलं म्हणायला हरकत नाही. असो, शब्दावर अडून बसत नाही. फारो बेटांवर १७८१ मध्ये गोवर येऊन गेला आणि पुढचा आला थेट १८४६ मध्ये. पानम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंदवलं की पहिल्या साथीत गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाच तो पुन्हा झाला नाही. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हता. एवढं लक्षात ठेवणाऱ्याला मी तरी शिकलेलाच म्हणेन.

मिठागर

गोवराचं नाव निघालंच आहे तर उलटी बाजूही नोंदवतो. तो विषाणू स्मृतिपेशींतच शिरतो. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांचा ११ ते ७३ टक्के साठा पुसला गेलेला दिसला. 'गोवर येऊन गेलेला बरा' म्हणणाऱ्यांसाठी.

स्मृती डोळ्यांनी बघायची असेल तर मॅन्टूची सुई, म्हणजे टीबीच्या संसर्गाची त्वचेवरची चाचणी. हाताच्या आतल्या बाजूला त्वचेतच ०.१ मिलि ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूची प्रथिनं). टोचल्यावर ६ ते १० मिमीची फिकट फुगी आलीच पाहिजे. आली नाही तर सुई खोल गेली, दुसरीकडे पुन्हा. मग ४८ ते ७२ तास थांबायचं. हा उशीर का, तर इथे प्रतिपिंडांचं काम नाही. स्मृतीतल्या टी-पेशींना रक्तातून तिथवर यायला, तुकडा ओळखायला आणि बाकीच्यांना बोलवायला तेवढा वेळ लागतो. वाचताना सगळे चुकतात ते लाली मोजून. लाली मोजायचीच नाही, मोजायचा तो कडकपणा. बॉलपेनाने बाहेरून आत रेघ ओढत यायची, पेन अडलं की थांबायचं. समोरच्या बाजूनेही तसंच. दोन टोकांतलं आडवं अंतर मिमीमध्ये. कुपोषण, एचआयव्ही किंवा नुकताच झालेला गोवर असेल तर टीबीचा संसर्ग असूनही काहीच उठत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झालाय असंही नाही, पेशींची त्या जंतूशी ओळख आहे एवढंच. बीसीजी घेतलेल्यांत तर आणखी जपून.

आणि सध्याच्या मोसमातला प्रश्न, डेंग्यू. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ बघा, ते विषाणूचं स्वतःचं प्रथिन आहे. आयजीएम साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापुढे. दुसऱ्याच दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह आली म्हणजे डेंग्यू नाही, असं नव्हे. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यात चित्र बदलतं: जुन्या स्मृतिपेशी लगेच उठतात, आयजीजी (नंतर येणारा, टिकाऊ प्रतिपिंडांचा प्रकार) झपाट्याने चढतं आणि आयजीएम कमी, कधी सापडतही नाही.

चेंदणी

मग दुसऱ्यांदा तर सोपं जायला हवं ना? डॉक्टर उलट जास्त घाबरवतात.

मिठागर

डेंग्यूचे चार प्रकार. पहिल्या वेळी एक झाला, दुसऱ्या वेळी दुसरा आला, तर जुनी प्रतिपिंडं नव्याला चिकटतात खरी, पण निकामी करू शकत नाहीत. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या गिळणाऱ्या पेशींवर प्रतिपिंडाचा दांडा धरून ओढणारे हूक असतात. ते हा सगळा गठ्ठा आत घेतात, आणि विषाणूला जिथे वाढायचं होतं तिथे तो आयताच पोहोचतो. चोराला आपणच पाठुंगळीवर घेऊन कुंपणाआत आणायचं. म्हणून दुसऱ्या वेळी ताप उतरतानाचे दोन दिवस पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, मलूलपणा यांवर नजर ठेवायला सांगतात.

उपवन

वेळापत्रकावर नेहमी येणारे प्रश्न एकदम घेतो.

गोवर-रुबेला नऊ महिन्यांआधी का नाही? आईचं आयजीजी वारेतून बाळात येतं, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि साधारण तीन आठवड्यांना निम्मं होत जातं. ते असताना जिवंत लस दिली की लसीचा विषाणू वाढायच्या आधीच निकामी, आणि बाळाच्या पेशींना काही दिसतच नाही. नऊ महिन्यांना दिली तर साधारण ८५ टक्के मुलांत प्रतिपिंडं येतात, बाराव्या महिन्यात ९५. मग बाराव्यालाच का नाही? कारण आपल्याकडे त्या मधल्या तीन महिन्यांत गोवर गाठतो. १६ ते २४ महिन्यांतली दुसरी मात्रा मुख्यतः या राहिलेल्या मुलांसाठी आहे, तिला नुसता बूस्टर समजून टाळू नका.

दोन मात्रांत किमान चार आठवडे का? वर पारसिक यांनी लिहिलेलं जर्मिनल सेंटर. लवकर टोचलं तर पहिल्या लोटातली प्रतिपिंडंच नवा माल उचलून नेतात आणि निवड चालू असलेल्या पेशींपर्यंत फार काही पोहोचत नाही. उशीर झाला तर मात्र पहिल्यापासून सुरू करायचं नाही, राहिलेल्या मात्रेपासून पुढे. गावी गेलो, दोन महिने चुकले, आता सगळं परत का? नाही. स्मृतिपेशी थांबतात.

उघडलेली कुपी: गोवर-रुबेला आणि बीसीजी पातळ केल्यावर चार तासांत वापरायच्या, मग फेकायच्या. त्यांत जंतुरोधक नसतं. उरलेल्या कुपीत जंतू वाढून बाळं दगावल्याच्या घटना झालेल्या आहेत. 'एकाच बाळासाठी कुपी फोडायची का' हा प्रश्न मनात आला तरी फोडायची.

कोलशेत_रोड

पेशीची निवड न करता तिला हवा तो ग्राहक थेट बसवायचा, हेही आता होतं, आणि तेही खाडीपलीकडे खारघरला. ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात जून २०२१ मध्ये भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच टी-पेशींत बनावट ग्राहक बसवून कर्करोगावर सोडणं) रुग्णाला दिली गेली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली.

वरच्या चर्चेच्या भाषेत सांगतो. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या लेंटिव्हायरसने त्यांत एक बनावट जनुक घालतात. त्यातून तयार होणाऱ्या ग्राहकाचं बाहेरचं टोक प्रतिपिंडाचं, सीडी१९ (बी-पेशींवरची आणि त्यांच्या कर्करोगावरची खूण) धरणारं, म्हणजे तबकाची गरजच संपली. आतल्या टोकाला दोन तुकडे सलग: एक पहिल्या इशाऱ्याचा, दुसरा ४-१बीबी नावाचा, दुसऱ्या इशाऱ्याचा. मिठागर यांनी सांगितलेली दोन कुलपं एकाच किल्लीत. पेशी बाहेर वाढवतात. परत देण्याआधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड या औषधांनी शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट (बी आणि टी-पेशी) कमी करतात, नाहीतर नव्यांना जागा आणि वाढीची रसायनं मिळत नाहीत.

बिघडतं काय? सगळ्या पेशी एकदम उठल्या की सायटोकाइनचा (पेशींनी सोडलेल्या इशारा-रसायनांचा) पूर: ताप, रक्तदाब खाली, ऑक्सिजन खाली. त्यावर टॉसिलिझुमॅब हे औषध. काहींना बोलण्यात अडखळणं, गोंधळ; म्हणून रोज एक वाक्य लिहून घेतात आणि अक्षर बदललं का ते बघतात. सीडी१९ निरोगी बी-पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही जातात आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) बाहेरून द्यावं लागू शकतं. अस्थिमज्जेतल्या जुन्या प्रतिपिंड ओतणाऱ्या पेशींवर मात्र सीडी१९ बहुधा नसतं, म्हणून लहानपणीच्या लसींचं संरक्षण बरंच टिकतं. आणि काही वेळा कर्करोगच सीडी१९ टाकून देतो. मग ही किल्ली बिनकामाची.

चेंदणी

एवढं वाचल्यावर 'इम्युनिटी बूस्टर' काढ्याबद्दल विचारायची हिंमत होत नाहीये.

मिठागर

विचारू नका. नुसती 'वाढलेली' प्रतिकारशक्ती म्हणजे संधिवात आणि दमा. काढा चवीसाठी प्या.

खारफुटी

ऐरोलीच्या ताईंसाठी एक शेवटचं राहिलं. ज्या मुलाला आधीच साधी व्हीआय लस दिली आहे त्याला कॉन्ज्युगेट द्यायची का?

उपवन

द्यायची, मध्ये किमान चार आठवडे ठेवून. आणि नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाला जाताय तर त्याच दिवशी घेतली तरी चालते, फक्त जागा वेगळी: गोवर-रुबेला उजव्या दंडावर त्वचेखाली, टायफॉइडची मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात स्नायूत. कार्डावर लसीचं पूर्ण नाव लिहून घ्या. नुसतं 'टायफॉइड' लिहिलं तर कोणती दिली ते तीन वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही.